एलिसा: न विकता येणारं जहाज

फळ्यावर जहाजाचं नाव लिहिलं की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो. “सर, आपल्याकडं समुद्र कुठाय? हिप्परग्याच्या तळ्यात सोडायचं का?” वर्ग हसतो, मीही हसतो. स्थापत्य शाखेच्या मुलांना जुन्या वास्तूंची देखभाल शिकवताना मी गेली काही वर्षं हेच प्रकरण घेतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं गॅल्वेस्टन हे बेटावरचं बंदर, तिथली एक संस्था, तिनं वाचवलेल्या इमारती आणि त्याच संस्थेनं घेतलेलं एक गंजकं जहाज. सोलापुरात बसून हे का वाचायचं, तर कापसामुळं.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, त्यांत गॅल्वेस्टनही होतं. इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्यांनी मुंबईकडं तोंड वळवलं आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. रेल्वे १८६० मध्येच सोलापूरला पोचलेली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण रूळ राहिले आणि कापसाची पेठही राहिली. १८७७ मध्ये शेठ मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो. मुरारजी पेठेतून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कुणाचं ते माहीत असेल, कोण जाणे. त्याच १८७७ च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनला अलेक्झांडर हॉल यांच्या गोदीतून एलिसा पाण्यात उतरली. लोखंडी तळाचं, तीन डोलकाठ्यांचं, १९ शिडांचं मालवाहू जहाज. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. मुलांना साल मात्र पाठ होतं.

गाव कसलं होतं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅल्वेस्टन हे अमेरिकेतल्या मोठ्या कापूस-बंदरांपैकी एक होतं. बंदराला लागून ‘द स्ट्रँड’ नावाचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापसाचे दलाल, पेढ्या, विमा कंपन्या, घाऊक कोठ्या. इमारती विटांच्या, पण दर्शनी भागात ओतीव लोखंडाचे खांब आणि कमानी. हे लोखंड पुढं गोष्टीत परत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

८ सप्टेंबर १९०० ला वादळ आलं. गाव जेमतेम अडतीस हजारांचं, आणि मेलेल्यांचा आकडा सहा हजारांच्या खाली कुणीच धरत नाही, आठ हजार आणि त्याहून जास्त सांगणारेही आहेत. नंतर जे झालं ते स्थापत्याच्या विद्यार्थ्यानं डोळे मोठे करून वाचावं असं आहे. समुद्राच्या बाजूला १७ फूट उंचीची भिंत बांधली, पहिला टप्पा १९०४ मध्ये पुरा झाला. भिंतीमागचं गाव खोलगटच राहिलं असतं, म्हणून गावच उचललं. १९०३ ते १९११ ह्या काळात दोन हजारांहून जास्त इमारती जॅकवर चढवल्या आणि त्यांच्या खाली समुद्रातून उपसलेली वाळू पाण्याबरोबर पंपानं सोडली. पाणी निथळलं, वाळू बसली. सेंट पॅट्रिक चर्च, सुमारे तीन हजार टनांचं, असंच पाच फूट वर घेतलं. भरावाचा खर्च सरकारी, पण आपलं घर उचलायचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. वर्ग इथं हमखास थबकतो. कुणीतरी विचारतं, “ज्याच्याकडं पैसे नसतील त्यानं काय करायचं?” काहींनी खालचा मजला गाडून घेतला, हे त्याचं उत्तर.

एवढं करूनही व्यापार निसटला. १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाजी कालवा खुला झाला आणि मोठी जहाजं थेट आत जाऊ लागली. स्ट्रँडवरच्या कोठ्या हळूहळू गोदामं झाल्या, वरचे मजले कबुतरांना गेले. पाडून नवं बांधायला कुणाकडं पैसा नव्हता, म्हणूनच त्या उभ्या राहिल्या. पुण्यातले वाडे भराभर गेले आणि बार्शी-करमाळ्याकडं अजून चार दिसतात, त्यामागं हेच गणित आहे. गरिबी जुन्या इमारतींना सांभाळते. छप्पर गळेपर्यंत.

विकून वाचवायची रीत

गॅल्वेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशन १९५४ मध्ये उभं राहिलं ते १८३९ च्या एका घरासाठी, सॅम्युएल मे विल्यम्स ह्यांच्या घरासाठी. घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, संग्रहालय म्हणून उघडायचं, तिकीट लावायचं. ही रीत एका घराला पुरते, अख्ख्या रस्त्याला नाही. एका गावात पन्नास संग्रहालयं कोण बघणार?

१९७३ मध्ये त्यांनी फिरता निधी सुरू केला. सुरुवातीची रक्कम गावातल्याच मूडी आणि केम्पनर ह्या दोन घराण्यांच्या धर्मादाय निधींनी दिली. काम असं चालायचं: संस्था मोडकळीला आलेली इमारत विकत घ्यायची, किंवा नुसता विसार देऊन अडवून ठेवायची. मग दुकान, हॉटेल, कचेरी काढणारं गिऱ्हाईक शोधून त्याला विकायची. खरेदीखतातच अटी घालायच्या. अमुक मुदतीत दुरुस्ती करायची, दर्शनी भागाला हात लावायचा नाही, आणि पुढं विकलीत तर ह्याच अटींसह विकायची. आलेला पैसा परत निधीत, निधी पुढच्या इमारतीकडं. भिशीसारखा पैसा फिरतो, फरक इतकाच की इथं नंबर इमारतीचा लागतो.

मला ही रीत आवडते, कारण तिच्यात वास्तूबद्दल हळवेपणा नाही. संस्था म्हणते, मालक तुम्हीच राहा, कमाईही तुमचीच, फक्त इमारतीचं कपाळ, म्हणजे दर्शनी भाग, आमचं. १९७६ मध्ये स्ट्रँडला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा त्या रस्त्यावर दुकानं उघडायला लागलेली होती. डिसेंबरात जुन्या वेशातल्या लोकांचा उत्सव भरवायची प्रथाही त्याच दशकातली. आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेशी तिची तुलना करायचा मोह होतो, पण गड्डा हा देवाचा, मग बाजाराचा. तिथं बाजारच मूळ.

एक गोष्ट लपवली तर प्रकरण खोटं होईल. फिरत्या निधीच्या जोडीला खोल खिशाचा एक माणूस होता. जॉर्ज मिचेल, गॅल्वेस्टनमध्येच जन्मलेला, ग्रीक स्थलांतरिताचा मुलगा, पुढं शेल नावाच्या खडकातल्या वायूच्या उत्खननानं नाव कमावलेला. त्यानं आणि त्याची बायको सिंथिया हिनं स्ट्रँड भागातल्या इमारतींमागून इमारती घेतल्या. कापडाच्या घाऊक व्यापाराच्या १८७९ च्या ब्लम कोठीत त्यांनी १९८५ मध्ये हॉटेल काढलं. मुलं लगेच म्हणतात, मग सर, निधीचं कौतुक कशाला, शेठजी होता म्हणा ना. माझं उत्तर असं की शेठजी आला तेव्हा रस्ता शिल्लक होता, आणि तो शिल्लक ठेवायचं काम निधीनं केलं. हे उत्तर मला स्वतःला पुरतं पटतं असं नाही.

न विकता येणारी वस्तू

आता जहाज. फिरत्या निधीचा हिशेब नुकता कुठं बसत होता, आणि १९७५ मध्ये ह्याच संस्थेनं ग्रीसमधल्या पिरेअसच्या भंगार गोदीतून ४० हजार डॉलरला एलिसा घेतली.

तिची अवस्था ऐका. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, ग्रीस असे मालक बदलत गेले आणि नावंही बदलत गेली: फ्येल्ड, गुस्ताफ, क्रिस्टोफोरस. शिडं गेली, डोलकाठ्या गेल्या, इंजिन बसलं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, कापून आखूड झाली. शेवटी शेवटी भूमध्य समुद्रात सिगारेटच्या चोरट्या व्यापारात ती होती. १९६१ मध्ये पीटर थ्रॉकमॉर्टन ह्या सागरी पुरातत्त्वज्ञाला पिरेअसला ती दिसली. वरचं सगळं बदललेलं, पण पाण्याजवळच्या अंगाची रेघ त्यानं ओळखली. इंजिनाची मालबोट म्हणून फिरणाऱ्या ह्या धुडाच्या पोटात शिडाचं जहाज आहे, हे त्याला कळलं. तोडायला निघालेली ती त्याच्या आणि इतरांच्या धडपडीनं कशीबशी वाचत राहिली.

गॅल्वेस्टननं हीच का निवडली? कारण १८८३ मध्ये आणि पुन्हा १८८६ मध्ये ती त्यांच्या धक्क्याला लागली होती. बंदराच्या जुन्या नोंदींत तिचं नाव होतं. दुसरं कुठलंही सुंदर जहाज आणलं असतं तर ते देखाव्याचं झालं असतं. हिला गावचा दाखला होता.

ग्रीसमध्ये तळाचं काम करून १९७९ मध्ये तिला ओढत अटलांटिक पार करून आणलं. मग तीन वर्षं डोलकाठ्या, दोरखंड, डेक. मधली डोलकाठी जवळजवळ शंभर फूट. ह्यातली बरीच कौशल्यं तोवर कुठल्या शाळेत शिकवली जात नव्हती. म्हातारे खलाशी, जुनी रेखाचित्रं आणि हाताला घट्टे पडलेले हौशी लोक, ह्यांच्या बळावर काम झालं. १९८२ मध्ये ती पुन्हा शिडांवर निघाली. धक्क्याला बांधून ठेवलेली शोभेची वस्तू करायची नाही, दरवर्षी काही दिवस तरी समुद्रात न्यायची, हे त्यांनी ठरवलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महागडा आणि सर्वांत शहाणा निर्णय. समुद्रात जायचं तर कोस्ट गार्डची तपासणी पास व्हावी लागते. म्हणजे बाहेरचा, भिडेला न पडणारा माणूस ठरावीक काळानं येऊन जहाजाच्या तळावर ठोकून बघणार. आणि शिडं उभारायची तर माणसं लागतात, म्हणून दरवर्षी स्वयंसेवकांची नवी तुकडी शिकवावी लागते. गाठी मारणं, दोर ओढणं, उंचावर चढणं. शिकलेली माणसं हिवाळाभर खरवडतात, रंगवतात.

पण हिशेब बघा. इमारत विकली, पैसा परत आला. जहाज कुणाला विकणार? भाड्यानं काय देणार? तिकिटाच्या पैशात रंगसुद्धा भागत नाही. संस्थेच्या एका हातात फिरणारा पैसा आणि दुसऱ्या हातात नुसता जाणारा पैसा. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण इथं अगदी शब्दशः घ्यायची.

२०११

आयक नावाचं वादळ १३ सप्टेंबर २००८ चं. समुद्राची भिंत जागची हलली नाही, पण पाणी मागून, खाडीच्या बाजूनं आलं आणि स्ट्रँड त्याच बाजूला. तळमजल्यांत माणूस बुडेल इतकं पाणी. जुन्या ओतीव लोखंडाच्या खांबांत खारं पाणी मुरलं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, गॅल्वेस्टनच्या ओतीव लोखंडी वास्तूंचं नाव अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा ऐतिहासिक ठिकाणांच्या यादीत आलं. एलिसाची काही शिडं फाटली, पण ती तरंगत राहिली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

२०११ च्या तपासणीत कोस्ट गार्डनं तिला समुद्रात जायला अयोग्य ठरवलं. तळ गंजला होता, १९८२ नंतर कधी नव्हता इतका.

इथं मी वर्गात अर्धा तास थांबतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की बॅटरी तयार होते आणि त्यातला एक धातू झिजत जातो. म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. लोखंडाऐवजी आधी ते खाल्ले जावेत, संपले की नवे लावायचे. धक्क्यावरून गळणारा वीजप्रवाह तर आणखी घातक. हे सगळं आतून दिसत नाही, वरून रंग झकास असतो. आपल्या इकडं हेच काम काळी माती करते. उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, आणि शंभर वर्षांच्या दगडी भिंतीला पायापासून भेग पाडते. आपण काय करतो? भेगेत सिमेंट भरतो आणि वर डिस्टेंपर मारतो. चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आतच कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दोन वर्षांनी तीच भेग, हातभर बाजूला.

एलिसाच्या दुरुस्तीला ३० लाख डॉलर उभे करावे लागले. तळाचे पत्रे बदलले, डेकसाठी २२ हजार बोर्ड फूट डग्लस फरचं लाकूड ओरेगॉनहून कापून मागवलं. २०१४ मध्ये ती पुन्हा निघाली. ४० हजारांची वस्तू आणि एका दुरुस्तीला ३० लाख! मधल्या ३६ वर्षांची महागाई धरली तरी खरेदीच्या पंधरा-वीस पट. मुलांमधले दोन पक्ष इथं पडतात. एक म्हणतो, ह्या पैशात स्ट्रँडवर किती खांब वाचले असते. दुसरा म्हणतो, जहाज नसतं तर त्या खांबांना पैसे द्यायला कोण आलं असतं? मी दुसऱ्या पक्षाकडं झुकतो. कोठ्या, पेढ्या, दलालांच्या कचेऱ्या कशासाठी होत्या, हे धक्क्यावरच्या डोलकाठ्या बघितल्याशिवाय कळत नाही. डोलकाठ्या काढा, मग स्ट्रँड म्हणजे जुन्या कमानींचा बाजार.

आपल्याकडं

सोलापुरात चिमणी म्हटलं की हल्ली सगळ्यांना २०२३ मध्ये पाडलेली साखर कारखान्याची चिमणी आठवते. तो वाद विमानांचा होता, तो इथं नको. मी म्हणतोय ते गिरण्यांच्या चिमण्यांबद्दल. गिरणीची चिमणी ही आपली डोलकाठी. ती विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, तिच्यात हॉटेल निघत नाही. शेडमध्ये निघेल. चिमणी गेली की शेड म्हणजे पत्र्याचं गोडाऊन, आणि भोंग्यावर उठणारं, पाळीवर जाणारं गाव कुठं होतं हे दाखवायला काही उरत नाही.

जुन्या मिलची एक गंमत आहे. १९४९ मध्ये ती बंद पडली, १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. मालमत्तेचा हक्क आणि समानतेचा हक्क ह्यांवरचे ते निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. गिरणी साठच्या दशकात कायमची थांबली. देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत सोलापूरची गिरणी जशीच्या तशी उभी आहे, नाव, साल, पक्षकार सगळ्यासह. मुरारजी पेठेत उभं राहून ती शोधायला मात्र जाणत्या माणसाचं बोट धरावं लागतं.

फिरता निधी इथं चालेल का? मुलांना वाटतं पैशाची अडचण आहे. मला आधी कायद्याची दिसते. गॅल्वेस्टनची सगळी मदार खरेदीखतातल्या अटींवर आहे. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ११ म्हणतं की एकदा पूर्ण मालकी दिली की तिचा उपभोग अमुकच रीतीनं घ्या ही अट घेणाऱ्याला सहसा बांधत नाही. शेजारच्या स्वतःच्या मिळकतीच्या फायद्यासाठी घातलेली अट तेवढी अपवाद. म्हणजे विकताना लिहून घेतलेलं ‘दर्शनी भाग बदलणार नाही’ हे वाक्य पुढच्या मालकापुढं फारसं टिकणार नाही. माझ्या वकील मित्राचा सल्ला असा की विकूच नका, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्या आणि अट मोडली तर पट्टा रद्द, असं लिहा. पण मग पैसा एकदम परत येत नाही, हप्त्यानं येतो, आणि निधी फिरतो तो बैलगाडीच्या गतीनं. दुसरी वाट सरकारी: वारसा यादीत नाव, श्रेणी, आणि न वापरलेल्या बांधकामाचा हक्क दुसरीकडं वापरायची मुभा. ज्या शहरात जागेला मुंबईसारखा भाव नाही, तिथं त्या हक्काला गिऱ्हाईक किती?

म्हणून मी मुलांना निधी उभा करायला सांगत नाही. स्वाध्याय एकच देतो. सोलापुरातली कुठलीही एक जुनी वास्तू निवडा आणि तिच्या सहाव्या वर्षाचा खर्च काढा. पहिल्या वर्षाचा नको, त्याला उद्घाटन असतं, फीत असते, आमदार असतात. सहाव्या वर्षी काय लागेल, किती लागेल आणि कोण करेल, असे तीन रकाने.

बहुतेक जण किल्ला घेतात, नाहीतर महापालिकेचं इंद्रभुवन. आकडे छान, तिसऱ्या रकान्यात ‘मनपा’. मागच्या वर्षी भवानी पेठेतल्या एका मुलीनं स्वतःचं घर घेतलं. खाली मागाची खोली, वर माळवद. तिनं लिहिलं होतं: मृग लागायच्या आधी माळवदावर पांढरी माती, एक टेम्पो, चढवायला दोन माणसं, चोपायला एक दिवस, पन्हाळी साफ, भिंतीकडेच्या भेगा बुजवणं. शिवाय एक तळटीप, की चोपणं कमी पडलं तर तिसऱ्या पावसाला गळतं, आणि गळतं ते नेमकं मागावर.

‘कोण’ ह्या रकान्यात ‘आजोबा’ लिहिलं होतं. मी विचारलं, सहाव्या वर्षी पण?

“वय एक्क्याऐंशी आहे, सर,” ती म्हणाली. “मी चढते, पण चोपायचं त्यांनी अजून शिकवलं नाही मला.”